हुरड्याच्या दिवसांतला परसबागांचा मेळावा: ऑगस्टपासून मेपर्यंतची तयारी

पहिल्या वर्षी आम्ही मोठा मांडव घातला होता. सहा गावांतली पोरं आली होती. कुणी वांगी आणली होती, कुणी दोडक्याचं बी, एका गटाने तर डब्यात भरून गांडूळखत आणलं होतं. दोन तास सत्कार आणि भाषणं चालली, मग जेवणं झाली आणि गाड्या निघाल्या. सातवीतली एक मुलगी गाडीत चढता चढता थांबली. हातातली पुरचुंडी पुढे करून म्हणाली, "बाई, आमचं बी कुणाला द्यायचं होतं?"

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षांत मेळाव्याची आखणी आम्ही त्या एका प्रश्नावरून करत गेलो. येणाऱ्या प्रत्येक गटाच्या हातात द्यायला काहीतरी असावं, ते घेणारं कुणीतरी असावं आणि जाताना हात रिकामे नसावेत. शाळेच्या परसबागेचा गट असो, महाविद्यालयातला राष्ट्रीय सेवा योजनेचा गट असो, गावातल्या तरुणांची गटशेती असो की संभाजीनगरात गच्चीवर भाजी पिकवणारी शहरी मुलं असोत, हे सगळ्यांना लागू पडतं. असा मेळावा आपल्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात भरवायचा असेल तर काय, कधी आणि कसं करायचं, ते इथे सांगते. हिशेब १५ गट, गटामागे १० जण, म्हणजे १५० माणसं आणि दीड दिवस असा धरला आहे. पहिल्यांदाच करत असाल तर पाच-सहा गटांवर थांबा.

तारीख: सगळ्यात अवघड काम

मराठवाड्यात तारीख ठरवताना शेत, शाळा आणि स्थलांतर या तिन्हीकडे पाहावं लागतं. जून ते ऑक्टोबर सोयाबीन, मूग, उडीद यांची धावपळ असते. दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणीला घरचा एकेक हात लागतो. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा लागते, पाठोपाठ दहावीची. मार्चनंतर ऊन आणि पाणी दोन्ही साथ देत नाहीत. उरतात डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा. ज्वारी हुरड्यात असते, हरभरा घाट्यावर असतो, तुरीला शेंगा असतात आणि परसबागेत मेथी, पालक, मुळा, गाजर सगळं उभं असतं. वर्षभरात मुलांकडे दाखवायला सगळ्यात जास्त असतं ते याच दिवसांत.

पण याच दिवसांत वेळ अमावस्या येते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आणि शेजारच्या बीड, नांदेडच्या काही भागांत त्या दिवशी जो तो आपल्या वावरात असतो. बाजारपेठा ओस पडतात आणि पाहुणे शेतातल्या खोपीपाशी जेवायला येतात. त्या दिवशी मेळावा ठेवलात तर तुमच्याच गावची माणसं येणार नाहीत. अमावस्येच्या आदल्या दिवशी लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होते, त्यामुळे नांदेड-लातूर भागातल्या एसटी गाड्या तिकडे वळलेल्या असतात. १४ जानेवारीला बहुतेक वर्षी संक्रांत आणि मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन एकत्र येतात, म्हणजे संभाजीनगरच्या रस्त्यांवर मोठी गर्दी. ही मार्गशीर्ष अमावस्या कधी डिसेंबरात पडते, कधी जानेवारीत. म्हणून आधी पंचांग उघडा. अमावस्येनंतर किमान पाच दिवस सोडून येणारा शनिवार-रविवार घ्या, संक्रांतीच्या अलीकडचा मिळाला तर उत्तम.

तरीही एक मोठी उणीव राहते, आणि ती मला दरवर्षी सलते. बीड जिल्ह्यातली, आणि जालना, परभणी, धाराशिवमधलीही, अनेक कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. पावसाळाभर परसबाग सांभाळणारी त्यांची पोरं जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. त्यांच्याविना होणाऱ्या मेळाव्याला मी पूर्ण म्हणत नाही. म्हणून मे महिन्यात एका दिवसाची छोटी बीजसभा ठेवायची. तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे, पण तिची तारीख पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा, नाहीतर ती होतच नाही.

ऑगस्टमधली पहिली बैठक

मेळावा जानेवारीत, मग बैठक ऑगस्टमध्ये कशाला, असं विचारलं जातं. कारण हुरडा पेरावा लागतो.

यजमान गावातल्या एखाद्या शेतकऱ्याशी किंवा तरुण गटाशी बोलून सहा गुंठे जागा ठरवा. गुळभेंडी किंवा सुरती यांसारखी हुरड्याची ज्वारी घ्या आणि ती एकदम पेरू नका. कणीस हुरड्याला लागतं ते पेरणीनंतर साधारण तीन महिन्यांनी. दाणा पिळला की दूध येण्याऐवजी मऊसर पीठ लागतं, ती अवस्था फार तर आठ-दहा दिवस टिकते. थंडी कमी-जास्त झाली की हे दिवस पुढे-मागे सरकतात. म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन-दोन गुंठ्यांचे तीन हप्ते पेरा. त्यातला एक तरी मेळाव्याच्या दिवशी अचूक सापडतो, उरलेल्याची ज्वारी होते. या तुकड्यावर लष्करी अळीसाठी किंवा दुसऱ्या कशासाठीही रासायनिक फवारणी करायची नाही, हे मालकाशी स्पष्ट बोला. शेजारच्या बांधावरून फवारा येणार नाही हेही बघा, कारण दीडशे जण ते कोवळे दाणे खाणार आहेत.

याच बैठकीत यजमान ठरवा. गाव निवडताना मी आधी पाणी बघते, मग रस्ता, मग माणसं. शाळेची इमारत किती मोठी हे सर्वात शेवटी. आठही जिल्ह्यांतून गट येणार असतील तर परभणीच्या आसपासचं गाव सोयीचं पडतं. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गाने संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड जोडलेले आहेत, हिंगोलीची गाडी पूर्णेला मिळते आणि लातूरकडून परळीमार्गे येता येतं. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १८ मे १९७२ ला स्थापन झालेलं. तिथले विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यांत येऊन राहतात. माती तपासायला, कीड ओळखायला त्यांच्याइतके उत्साही मदतनीस दुसरे मिळणार नाहीत. गाव परभणीजवळ नसेल तर आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. केंद्रप्रमुखांना भाषणाला बोलावू नका. आपले दोन तज्ज्ञ दिवसभर पोरांमध्ये बसायला पाठवा, अशी विनंती करा. बहुतेक वेळा ते आनंदाने येतात.

बैठकीत निम्मी तरी मंडळी २५ वर्षांखालची हवीत. पाणी, जेवण, बियाणं, काम, नोंदणी आणि रात्रीचा कार्यक्रम अशा सहा जबाबदाऱ्या काढा. प्रत्येकीवर दोन तरुण, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी, आणि त्यांच्या मागे एक मोठं माणूस. तरुणांनी विचारलं तर सांगायचं, एवढंच त्या मोठ्यांचं काम. हे पाळणं आम्हा शिक्षकांना फार जड जातं, पण पाळा.

पाण्याचा हिशेब

आमच्याकडे हंगामात सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो सरासरीने पडतो असं कधी होत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिलेली पोरं आता तरुण गटांमध्ये आहेत. अशा मुलखात दीडशे पाहुणे बोलावताना गावच्या पाण्यावर भार पडणार नाही याची खात्री आपण करायची असते.

पिणं, स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं आणि शौचालय मिळून माणशी दिवसाला ३० लिटर धरा. १५० जणांचे दोन दिवसांचे ९,००० लिटर होतात, म्हणजे १० हजार लिटरचा एक टँकर. अंघोळ प्रत्येकाने घरून करून यायची आणि घरी जाऊन करायची, हे निमंत्रणातच लिहा. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. पिण्याचं पाणी वेगळ्या टाकीत ठेवा, त्याला क्लोरीनचं औषध किती घालायचं ते आरोग्यसेविकेला विचारा. हात धुण्याच्या जागेचं सांडपाणी चर खणून परसबागेत सोडा. मुलांना दाखवण्यासारखी ती पहिली गोष्ट आहे. शाळेत पोषण आहारानंतर रोज शंभर पोरं हात धुतात, त्या पाण्यावर भेंडी-वांग्याचे तीन-चार वाफे वर्षभर जगतात.

दुष्काळी वर्ष असेल तर? मेळावा रद्द करू नका, लहान करा. ५० माणसं, एक दिवस, रात्रीचा मुक्काम नाही.

निमंत्रण आणि प्रत्येक गटाची तयारी

ऑक्टोबरमध्ये गटांना पत्र पाठवा. व्हॉट्सअॅपवरचा निरोप पुरत नाही. शाळेला कागद लागतो, पालकांना सही लागते. गटात आठ मुलं-मुली आणि दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई असलीच पाहिजे, नाहीतर मुलींना घरून मुक्कामाची परवानगी मिळत नाही. प्रवासासाठी आगारप्रमुखांना महिनाभर आधी भेटा. शैक्षणिक सहलीला एसटीची सवलत असते, तिच्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. साध्या गाडीने येणार असाल तर मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा मुलींचा गट आणणं तुलनेने स्वस्त पडतं.

प्रवेश शुल्क पैशांत घेऊ नका. आम्ही गटामागे पाच किलो ज्वारी, अर्धा किलो तूरडाळ आणि आपल्या बागेतली दोन किलो भाजी घेतो. हे आकडे कुठून आले ते जेवणाच्या भागात कळेल. कार्यक्रमाला लागणारी रोख रक्कम तशी थोडीच असते: टँकर, मंडपाऐवजी लागणाऱ्या सतरंज्या, तेल-मीठ, औषधं, कागद. ग्रामपंचायत आणि गावचे शिक्षक मिळून ती उभी करू शकतात. बॅनर, स्मृतिचिन्हं, हार-शाली यांवर एक रुपयाही घालू नका.

प्रत्येक गटाने पाच वस्तू आणायच्या. आपलं राखलेलं बी. आपल्या बागेतली मूठभर माती, जमिनीच्या वरच्या वीतभर थरातली, सात-आठ ठिकाणची एकत्र करून. दोन खुरपी, दांड्यावर गटाचं नाव रंगवलेली. एक अशी वस्तू, जी यंदा बिघडली: वाळलेलं रोप, किडका शेंडा, न उगवलेल्या बियांची पुडी. आणि शनिवारी दुपारी पुरेल अशी शिदोरी, आपल्या ताटाशिवाय दोघांना देता येईल इतकी.

यजमान बागेची तयारीही डोळ्यांसमोर ठेवा. मेथी-पालक महिनाभरात तयार होतात, तेव्हा ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाका. मुळ्याला दीड महिना द्या. गाजर ऑक्टोबरच्या मध्यात पेरलं तरच हाताला लागतं. पाहुण्या मुलांना उपटायला, खुडायला काहीतरी मिळालंच पाहिजे. नुसती पाहायची बाग त्यांच्या लक्षात राहत नाही.

शनिवार: शिदोरी, माती आणि बिघडलेल्या गोष्टी

गट अकरा-बारापर्यंत पोहोचतात. नोंदणी करताना गटांना एकत्र बसू देऊ नका. दहा जणांचे नवे वर्तुळ करा, त्यात दहा वेगवेगळ्या गावांची माणसं. शिदोऱ्या तिथेच सुटतात. कुणाचे धपाटे, कुणाचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, गच्चीवर पालक पिकवणाऱ्या शहरी मुलीने आणलेले पालकाचे पराठे. ओळख करून देण्याचा वेगळा कार्यक्रम लागत नाही.

जेवणानंतर मातीची बरणी. प्रत्येक गटाला एकसारखी पारदर्शक बरणी द्या. तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवायची आणि बरण्या ओळीने ओट्यावर ठेवायच्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक कण, काही तासांत, चिकणमाती मात्र रात्रभर घेते. रविवारी सकाळी त्या ओळीत मराठवाडा उभा असतो: गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीची बरणी अजून गढूळ आणि बालाघाटच्या मुरमाड माळावरची तळाला खडे धरून वरती नितळ. आपल्याकडे पाणी का साचतं, शेजारच्या तालुक्यात का टिकत नाही, हे पोरं पट्टीने थर मोजून एकमेकांना समजावतात. दुसऱ्याच्या गावचा सल्ला आपल्या वाफ्यात जसाच्या तसा का चालत नाही, तेही त्यांना तिथेच उमगतं.

चारनंतर "काय बिघडलं" हा तास. माझ्या मते दीड दिवसातला हा सगळ्यात मोलाचा वेळ. गटाने बिघडलेली वस्तू मध्यभागी ठेवायची आणि पाच मिनिटांत सांगायचं: काय केलं, कधी लक्षात आलं, मग काय केलं. त्यावर प्रथम फक्त मुलांनी बोलायचं. तज्ज्ञांनी शेवटी. हा क्रम उलटा झाला की पोरं गप्प होतात. एका वर्षी एका गटाने न उगवलेलं सोयाबीन आणलं होतं. आठवीतल्या मुलाने विचारलं, "पेरायच्या आधी शंभर दाणे उगवून बघितले होते का?" मग त्यानेच करून दाखवलं: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, ओल राखायची आणि सातव्या दिवशी मोजायचे. सोयाबीनचे ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं, फारच कमी असेल तर पेरायचंच नाही. हे ज्ञान मोठ्यांकडेही आहे, पण मुलाने मुलाला सांगितलं तेव्हा वहीत उतरलं.

१८ वर्षांवरच्या तरुणांना याच वेळी वेगळं बसू द्या. त्यांचे प्रश्न वाफ्याच्या पलीकडचे असतात. सातबारा वडिलांच्या नावावर आहे, मग कर्ज कसं मिळेल? दहा गुंठ्यांतली भाजी रोज विकायची तर कुठे? शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला लोक तयार नाहीत, त्याचं काय करायचं? या प्रश्नांना एका दुपारी उत्तरं मिळत नाहीत, पण ती मोकळेपणाने विचारता येतील अशा जागा त्यांना फार कमी आहेत. इथे ज्यांनी खरंच करून पाहिलं आहे अशांना बोलवा. धाराशिव-लातूर भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून हजारो बायकांनी एकरभर रानात भाजी, डाळी, धान्य मिसळून घ्यायला सुरुवात केली. घरचं अन्न आधी, बाजार नंतर, हा त्यांचा हिशेब. अशी एक ताई तासभर बोलली तर ते चार व्याख्यानांपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

एक सूचना सगळ्या वक्त्यांना आधीच द्या. समोरच्या मुलांमध्ये काहींच्या घरात शेतकरी आत्महत्या झालेली असते. भाषणात रंग भरायला कुणीही तो विषय काढायचा नाही.

रात्री थंडी असते. परभणीकडे जानेवारीत पारा दहा अंशांखाली सहज जातो, तेव्हा प्रत्येकाने घोंगडी किंवा जाड चादर आणायचीच. शेकोटीभोवती गावातल्या आज्या जात्यावरच्या, पेरणीच्या ओव्या म्हणतात, पोरं नाथांचं भारूड करतात. दहाला दिवे बंद.

जेवण

एक किलो ज्वारीच्या पिठाच्या साधारण दहा भाकरी होतात. माणशी अडीच भाकरी धरली तर १५० जणांना एका जेवणाला ३७५ भाकरी, दोन जेवणांना ७५०. म्हणजे ७५ किलो ज्वारी, १५ गटांनी आणलेली पाच-पाच किलो. रात्रीच्या वरणाला माणशी ५० ग्रॅम डाळ, एकूण साडेसात किलो, म्हणजे गटामागे अर्धा किलो. एवढ्या भाकरी एका चुलीवर होत नाहीत. धान्य आठवडाभर आधी मागवून दळून घ्या आणि गावातल्या ३८ घरांना प्रत्येक जेवणासाठी एकेक किलो पीठ वाटा. घरटी दहा भाकरी आल्या की काम झालं. ते घर मेळाव्याशी जोडलं जातं ते वेगळंच, कारण आपण थापलेली भाकरी कोण खातंय हे बघायला बायका येतातच.

रविवारी दुपारी भज्जी. वेळ अमावस्येची ही भाजी मेळाव्यासाठी जणू बनलेली आहे. ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे सोले, पालेभाजी, गाजर, शेंगदाणे, वरून डाळीचं पीठ, चिंच. पंधरा गटांनी आणलेली तीस किलो भाजी एकाच कढईत जाते. सोबत शनिवारी रात्री भिजवून ठेवलेल्या ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील. सकाळच्या न्याहारीला चुरमुऱ्यांचा सुशीला पुरे, चुरमुरे भिजवले की अर्ध्या तासात दीडशे जणांचं होतं.

रविवार: इर्जिक

सूर्य वर आला की सगळे कामाला. एखाद्याचं काम अडलं की गाव मिळून ते उरकायचं आणि त्याने जेवू घालायचं, ही इर्जिकीची रीत आपल्याकडे जुनी आहे. पाहुण्या गटांनी यजमान गावासाठी अडीच तासांत पुरं होणारं काम करायचं. अर्धवट सोडलेलं काम नंतर कुणी हातात घेत नाही, म्हणून मोजून घ्या.

आमचा अनुभव सांगते. नाडेपची, म्हणजे कंपोस्ट खताची, टाकी भरायला पंचवीस जण पुरतात. यवतमाळचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली. टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं. ती आधी बांधून ठेवा. भरायला दीड टनाच्या आसपास काडीकचरा, शंभर किलो शेण, पावणेदोन टन चाळलेली कोरडी माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं. हे पाणी टँकरच्या हिशेबात नाही, ते वेगळं धरा, आणि टंचाईच्या वर्षी हे काम करूच नका. सोयाबीनचं भुसकट, तुराट्यांचे तुकडे, उसाचं पाचट, सगळं त्यात जातं. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं, म्हणजे खरिपाला हाताशी.

दुसरे पन्नास जण गादीवाफे करून त्यावर पाचटाचं आच्छादन घालतात. तिसरे सांडपाण्याचा चर खणतात. लहान मुलांना निंबोळी अर्काच्या कामाला लावा, मात्र निंबोळ्या जूनमध्येच वेचून वाळवून ठेवायला हव्यात. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून एकूण शंभर लिटर करायची, थोडा साबणचुरा घालायचा. तो त्याच दिवशी वापरावा लागतो. जानेवारीत झाडं लावायचा मोह टाळा. पुढे उन्हाळा आहे, फोटो निघतात आणि रोपं मरतात. बीडजवळ पालवणला फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षस्थान वडाच्या झाडाला दिलं होतं. मला ती कल्पना फार आवडली. गावात जुना वड किंवा चिंच असेल तर बैठका तिच्याखाली घ्या, मांडव वाचतो.

साडेदहाला कणसं भाजायला सुरुवात. गोवऱ्यांची आगटी, गरम कणीस हातावर चोळायचं, दाणे सुपात. चटणी, गूळ, बोरं. या तासाला कार्यक्रमपत्रिकेत काही लिहू नका.

बियाण्यांची देवाणघेवाण

त्या मुलीचा प्रश्न इथे सुटतो, म्हणून घाई करू नका, दोन तास ठेवा.

सतरंजीवर प्रत्येक गटाचं सूप. पुड्या आधीच वर्तमानपत्राच्या बांधलेल्या, प्रत्येकीत वाल, चवळी, घेवड्याचे २०-३० दाणे, बारीक बी असेल तर चिमूटभर. पुडीवर पाच गोष्टी लिहायच्या: गावातलं नाव (पुस्तकी नको), गाव, कोणत्या वर्षीचं बी, पेरायचा महिना, आणि ते कुणी राखलं. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. "आजीने" असं लिहिलं असेल तर आजीचं नाव लिहायला लावा.

कुठलं बी आणायचं नाही तेही सांगा. दुकानातल्या संकरित टोमॅटो-मिरचीचं राखलेलं बी पुढच्या वर्षी तसंच निघत नाही. भोपळा, दोडका, काकडी यांचं परागीकरण मधमाश्या करतात, शेजारी दुसरा वाण असेल तर भेसळ होते. अशा पुडीवर "एकटाच लावला होता" किंवा "शेजारी दुसरा होता" एवढं लिहिलं तरी पुरे. वाल, घेवडा, चवळी, टोमॅटोचे गावठी वाण यांत ही अडचण कमी, नव्या गटांनी तिथूनच सुरुवात करावी. कुणी विचारेल की बी असं वाटणं कायद्याला धरून आहे का. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा आणि विकायचाही हक्क दिलेला आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही.

देताना तोंडाने सांगायचं, हा नियम. पुडी नुसती उचलायची नाही. देणाऱ्याने बी कसं लावायचं ते सांगायचं, घेणाऱ्याने वहीत लिहायचं आणि नोंदवहीत दोघांच्या सह्या. घेतल्याच्या दुप्पट पुढच्या वर्षी आणायचं, मूळ गटाला नाही तर तिसऱ्याच कुणाला. नोंदवहीची प्रत पंधरा दिवसांत सगळ्या गटांना पोहोचली पाहिजे, ती जबाबदारी बियाणं सांभाळणाऱ्या जोडीची.

जेवणानंतर पुढच्या वर्षीचं यजमान गाव मुलांनी ठरवायचं. मोठ्यांनी त्या वेळी भांडी आवरावीत. पत्रावळी आणि खरकटं नाडेपच्या टाकीत, प्लास्टिक असेल तर ज्याचं त्याने परत न्यायचं. तीनला गाड्या सुटल्या तर लांबची मुलं अंधारायच्या आत घरी पोहोचतात.

जिवाची काळजी

हे थोडक्यात, पण यात तडजोड नको. पालकांच्या सह्या, प्रत्येक मुलाचा आजार आणि औषध यांची यादी. मुलींची झोपायची खोली आणि शौचालय वेगळं, वाटेवर दिवा. कडब्याच्या बुचाडाजवळ कुणी झोपायचं नाही, रात्री बॅटरीशिवाय फिरायचं नाही. साप चावला तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हालचाल न करता थेट सरकारी रुग्णालय. तिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का हे आदल्या दिवशी जाऊन विचारा. १०८ चा नंबर फळ्यावर लिहा. विहिरीला कठडा नसेल तर तिथे दिवसभर एक मोठं माणूस उभं ठेवा. टिकाव, विळा फक्त सोळा वर्षांवरच्यांच्या हातात.

मे महिन्यातली बीजसभा

मेळावा संपल्यावर नोंदवहीत एक पान वेगळं करा. फडावर गेलेल्या गटांची नावं त्यावर लिहा आणि सतरंजीवरच्या प्रत्येक वाणाची एकेक पुडी त्यांच्यासाठी बाजूला काढा. बी दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा. वाल, चवळी, तूर यांना भुंगेरा लागतो, म्हणून किलोला चमचाभर गोडेतेल चोळा किंवा चाळलेल्या राखेत ठेवा, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. मडक्यांवर गटांची नावं लिहून ती यजमान शाळेच्या कपाटात ठेवा, जमिनीवर नको. महिन्यातून एकदा उघडून बघायचं काम सहावी-सातवीच्या दोन मुलांना द्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सात ते अकरा, तालुक्याच्या जवळपासच्या एखाद्या गावात जमा. १८ मेच्या सुमारास परभणीला विद्यापीठाचा खरीप शेतकरी मेळावा असतो, त्याच्या आधी झालं तर पोरं तिथे जाऊन विचारायचे प्रश्न तयार करू शकतात. शंभर दाण्यांची उगवण चाचणी या सभेत करा, म्हणजे पेरणीआधी निकाल हातात असतो. फडावरून आलेल्या मुलांना तिथलं काय पाहिलं ते सांगू द्या. कोल्हापूर-सांगलीकडच्या बांधावर त्यांनी पाहिलेली भाजी, तिथून आणलेलं एखादं बी, हेही नोंदवहीत चढलं पाहिजे. मग कपाट उघडा आणि ज्याच्या नावाचं मडकं आहे ते त्याच्या हातात द्या.